कुठल्या पानापासून?

कोरोनाच्या सव्वा वर्षात मुलं सोडून सगळे आमच्या शाळेत येऊन गेले. मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद करायचा आदेश आला तेव्हा किल्ली मी नेहमीसारखी पर्समध्ये टाकली. वाटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. मे महिन्यात मुंबईकर गावाला यायला लागले आणि ग्राम कृती दलानं किल्ली मागून नेली. पहिलीच्या वर्गात एक कुटुंब चौदा दिवस राहिलं. फळ्यावर मी मार्चमध्ये लिहिलेला सुविचार त्यांनी पुसला नाही, त्याच्याच खाली रोज एक रेघ ओढत दिवस मोजले. ते गेले आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. अर्ध्या व्हरांड्याचे पत्रे उडून खालच्या आमराईत पडले, ती आमराईही निम्मी आडवी झालेली. दुरुस्तीसाठी किल्ली सरपंचांकडे गेली. पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्य पालकांना वाटायचं तेव्हा परत माझ्याकडे. १५ जून २०२१ ला शाळेचं नवीन वर्ष सुरू झालं, म्हणजे आम्ही दोघं शिक्षक गेलो, कुलूप काढलं, झाडलोट केली, हजेरीपुस्तकावर सह्या केल्या आणि बसून राहिलो.

आता, जुलै २०२१ मध्ये, जो भेटतो तो विचारतो, "बाई, शाळा उघडणार कधी?" प्रश्न रास्त आहे. कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलैपासून सुरू झाले. खालच्या गावातल्या हायस्कूलनं ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन एका बाकावर एक मूल बसवलंसुद्धा. आमची पहिली ते चौथी कधी, ते कुणी सांगत नाही. पण माझ्या डोक्यात घोळतो तो प्रश्न निराळा आहे. शाळा उघडेल त्या दिवशी पुस्तक कुठल्या पानापासून उघडायचं? उघडण्याच्या तारखेबद्दल इतकं बोललं गेलं की या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जणू ठरलेलंच आहे. ज्याची जी इयत्ता, त्याचं ते पुस्तक, पान पहिलं. माझं म्हणणं असं की हे उत्तर चुकीचं आहे, आणि शाळा बंद राहिल्यानं जेवढं नुकसान झालं त्याहून जास्त नुकसान या उत्तरानं होऊ शकतं.

१६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला: ९९.९५ टक्के. परीक्षा झालीच नव्हती. नववीचे पन्नास गुण, दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे तीस आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे वीस, अशी बेरीज. मुलांना यात बोल लावायचं कारण नाही, मंडळापुढेही फारसे रस्ते नव्हते. एप्रिलमध्ये पहिली ते आठवीला परीक्षेशिवाय वर्गोन्नती दिली तीही त्या दिवसांत बरोबरच होती. गावात रोज कुणी ना कुणी ऑक्सिजनसाठी धावत असताना घटक चाचणी कुठली घेणार? फक्त अशा निकालाची एक सवय लागते. कागदावर सगळे चढले, तेव्हा प्रत्यक्षातही चढले असतील, असं आपण धरून चालतो.

माझ्या पटावरची एक मुलगी सांगते. मार्च २०२० मध्ये ती पहिलीत होती. कमळ, बदक, मगर असे शब्द बोट ठेवून वाचायची. काना आला की थबकायची, मग स्वतःशी पुटपुटून पुढे जायची. आज ती तिसरीत आहे. दुसरी इयत्ता तिनं एक दिवसही वर्गात बसून पाहिलेली नाही. गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेले. आईनं कौतुकानं वही पुढे केली. वही बघून मीसुद्धा खूश झाले. अक्षर टपोरं, समास आखलेला, दर आठवड्याचा स्वाध्याय पूर्ण, उत्तरं अचूक. मी तिला म्हटलं, यातलं तुला आवडतं ते एक उत्तर वाचून दाखव. तिनं वही घेतली, पान उलटलं, परत उलटलं, आईकडे बघितलं. तिचं तिनंच लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं. ग्रुपवर कुणाच्या तरी दादानं उत्तरांचा फोटो टाकायचा आणि हिनं तो रांगोळी काढावी तसा ठिपक्याला ठिपका जोडून उतरवायचा. वर्षभर ती हेच करत होती. मी वहीच्या फोटोवर दर आठवड्याला अंगठा आणि चांदणी पाठवत होते. आई हळूच म्हणाली, "पोरगी येवढं लिवते, मला वाटलं येतंय तिला." तिची काय चूक? मलाही तेच वाटलं होतं.

अभ्यास बुडाला, हा शब्द आपण सरसकट वापरतो. त्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत. मागच्या वर्षीचं शिकायचं राहिलं, ही एक. पण जे येत होतं ते गेलं, ही दुसरी. अझीम प्रेमजी विद्यापीठानं जानेवारी २०२१ मध्ये छत्तीसगड, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तराखंड या पाच राज्यांतल्या १,१३७ सरकारी शाळांमध्ये दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांची पाहणी केली. शाळा बंद होताना या मुलांना काय येत होतं आणि आता काय येतं, एवढंच विचारलं. ९२ टक्के मुलांचं भाषेतलं आणि ८२ टक्के मुलांचं गणितातलं किमान एक मूलभूत कौशल्य गेलेलं होतं. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता, पण म्हणून आपली मुलं वेगळ्या मातीची आहेत असं मानायला मी तयार नाही. चित्र बघून चार वाक्यं सांगणं, ओळखीचे शब्द वाचणं, एक अंकी बेरीज-वजाबाकी करणं, अशा गोष्टी गेल्या आहेत. तिसरीचं पुस्तक ज्या पायरीवर उभं आहे, ती पायरीच निखळली आहे.

एका भूकंपाची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. ८ ऑक्टोबर २००५ ला पाकिस्तानच्या उत्तर भागात आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये मोठा भूकंप झाला. गावंच्या गावं बसली, शाळा कोसळल्या. चार वर्षांनी ताहिर अंद्राबी, बेंजामिन डॅनियल्स आणि जिष्णू दास या अभ्यासकांनी त्या भागातली घरं पाहिली. मदत पोचली होती, घरं पुन्हा उभी राहिली होती, मोठ्या माणसांची तब्येत आणि घराची मिळकत भूकंपापासून दूर राहणाऱ्यांच्या बरोबरीला आली होती. मुलंही शाळेत परत गेली होती. त्या भागातल्या शाळा सरासरी चौदाच आठवडे बंद होत्या. पण भूकंपाच्या रेषेजवळची मुलं अभ्यासात दूरच्या मुलांपेक्षा सुमारे दीड इयत्ता मागे होती. चौदा आठवड्यांत दीड इयत्ता बुडत नाही. म्हणजे शाळा उघडल्यावरही ही मुलं मागे पडतच राहिली. मूल परत आलं तेव्हा वर्ग पुढच्या पानावर होता. त्याला ते पान कळलं नाही, म्हणून त्यापुढचं कळलं नाही, आणि कुणी थांबलं नाही.

जुलै २०२१ च्या या आठवड्याला आमची शाळा बंद होऊन सत्तर आठवडे झाले.

हा अभ्यास वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण मी स्वतः होते. बावीस वर्षांच्या नोकरीत मी किती वेळा म्हटलं असेल, "हे मागच्या इयत्तेत झालंय, आता वेळ घालवू नका." आजारी पडून महिनाभर घरी राहिलेल्या, आईबापांबरोबर कामाला गेलेल्या किती मुलांना मी असं पुढच्या पानावर ओढून नेलं आणि चौथीच्या शेवटी त्यांच्या प्रगतिपुस्तकात 'अभ्यासात लक्ष द्यावे' असं लिहिलं? महामारीनं नवीन काही केलेलं नाही. मागच्या बाकावरच्या दोन-तीन मुलांचं दरवर्षी जे व्हायचं ते या वर्षी सगळ्या वर्गाचं झालं, म्हणून दिसलं.

सरकारला हे अजिबात कळलं नाही असं नाही. १ जुलै २०२१ पासून सेतू अभ्यासक्रम सुरू झाला: दुसरी ते दहावीसाठी, पंचेचाळीस दिवसांचा, मध्ये तीन चाचण्या. कल्पना चांगली आहे आणि ती तयार करणाऱ्यांनी कष्ट घेतले आहेत, हे त्याची पानं चाळताना कळतं. पण पूल कुठून कुठे बांधायचा, यात गफलत आहे. तिसरीचा सेतू दुसरीच्या अभ्यासावर बेतलेला, चौथीचा तिसरीच्या. मागची इयत्ता नीट झाली, फक्त थोडी उजळणी हवी, असं त्यात गृहीत धरलं आहे. माझी तिसरीतली मुलगी पहिलीच्या मध्यावर उभी आहे. तिच्यासाठी हा पूल नदीच्या अर्ध्यातून सुरू होतो. शिवाय तो पीडीएफमध्ये आला. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी झेरॉक्स आम्ही खिशातून काढल्या. ते एक असो. माझी खरी तक्रार पंचेचाळीस या आकड्याशी आहे. सोळा महिन्यांची भरपाई दीड महिन्यात करून १५ ऑगस्टनंतर पोर्शनला लागायचं, असा त्याचा अर्थ घेतला जाणार. केंद्रप्रमुखांच्या ऑनलाइन बैठकीत तो तसाच घेतला गेला.

दुसऱ्या टोकाचं बोलणारेही भेटतात, आणि ते बहुधा शहरातून बोलतात. म्हणतात, मुलं निसर्गात राहिली, घरकाम शिकली, खरं शिक्षण तर हेच. माझा चौथीतला एक मुलगा यंदा काजूच्या हंगामात आजीबरोबर बिया गोळा करून विकायला जायचा. सव्वाशे रुपये किलोनं साडेतीन किलोचे किती, हे तो व्यापाऱ्याच्या आधी सांगतो, आणि काट्यावर लक्ष ठेवतो ते वेगळंच. त्याला मी पाटीवर हातच्याची वजाबाकी दिली, तर त्यानं मोठ्या अंकातून लहान अंक काढून टाकला, मग तो वर असो की खाली. त्याच्या तोंडी हिशोबाचं मला मनापासून कौतुक आहे आणि वर्गात पहिल्या दिवशी मी तिथूनच सुरुवात करणार आहे. पण या हिशोबाला कागदाची जोड मिळाली नाही तर हा मुलगा पुढे सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर दुसऱ्यानं सांगितलेल्या आकड्याखाली सही करील. जीवनशिक्षणाचं गुणगान करणाऱ्यांनी आपल्या मुलांना ऑनलाइन क्लास लावले होते, हे मी विसरलेले नाही.

आणि फोन. 'असर'च्या २०२० च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ होतं. लोकांनी पोटाला चिमटा काढून फोन घेतले. पण घरात फोन असणं आणि मुलाच्या हातात असणं यात बापाची कामावरची पाळी असते, थोरल्या भावाची बारावी असते, संपलेला नेटपॅक असतो. जून २०२० मध्ये राज्यभर 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणत होते तेव्हा आमच्याकडे विजेचे खांब रस्त्यात आडवे पडलेले होते. फोन चार्ज करायला लोक मोटरसायकलवरून तालुक्याला जायचे.

त्याच दिवसांत शाळा सुरू झाली. तिला तेव्हा कुणी शाळा म्हटलं नाही. वरच्या वाडीतल्या एका सुनेनं, सातवीपर्यंत शिकलेल्या, स्वतःच्या दोन मुलांना ओटीवर घेऊन पाढे म्हणायला लावले. शेजारची चार आली. मी आठवड्यातून दोनदा जायचे, तोंडाला मास्क लावून पायरीवर बसायचे, पुढच्या तीन दिवसांचं सांगायचे. खालच्या वाडीत सहाणेच्या चौथऱ्यावर एक बारावीतली मुलगी गोष्टी वाचून दाखवायची. राज्यात ठिकठिकाणी असंच घडत होतं. पालघरच्या आदिवासी पाड्यांत लाउडस्पीकरवरून धडे ऐकवले, कुठे घरांच्या भिंतींवर मुळाक्षरं रंगवली. या ओट्यांवर काय शिकवलं गेलं ते काही ग्रेट नव्हतं, ते मला माहीत आहे. मीच सांगायचे आणि पुष्कळदा चुकीचं पोचायचं. मात्र वरच्या वाडीची सहाही मुलं आज जोडशब्दापर्यंत वाचतात. ज्या मुलीची गोष्ट वर सांगितली ती मधल्या वाडीची. तिथे ओटी मिळाली नाही.

इथे तो भूकंपाचा अभ्यास पुन्हा आठवतो. त्यात एक गोष्ट होती जी वाचून मी उठून बसले. आई किमान प्राथमिक शिकलेली होती त्या घरांतली मुलं मागे पडली नव्हती. चार वर्षांनी त्यांच्या आणि दूरच्या मुलांच्या अभ्यासात फरक नव्हता. त्या आयांनी इंग्रजी शिकवलं असेल, बीजगणित शिकवलं असेल, असं मुळीच नाही. मुलाला काय येत नाही हे ओळखण्याइतकं त्यांना येत होतं, आणि ते त्या बोलून दाखवू शकत होत्या. आमच्याकडच्या आया त्याहून कमी शिकलेल्या नाहीत. फुल्यांची मुलींची शाळा पुण्यात १८४८ मध्ये निघाली. ती चालवणाऱ्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या. पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले ते २०२० च्या ९ मार्चला, आदल्याच तारखेला, म्हणून ती डोक्यात राहिली. त्या शाळेचं फळ आज कोकणातल्या ओटीवर बसून पाढे घेतंय आणि आपण त्याला 'पालकांचं सहकार्य' म्हणून अहवालाच्या शेवटच्या रकान्यात टाकतोय.

शाळेचा समाज कोण, याचं उत्तर कायद्यानं कधीच दिलेलं आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक हवेत आणि समितीत निम्म्या बायका. प्रत्यक्षात काय होतं, ते सांगायला मला लाज वाटली पाहिजे. मुख्याध्यापक म्हणून ठराव मी आधी लिहून ठेवते, वही घेऊन मूल घरोघर फिरतं, सह्या होतात. शहरातल्या खासगी शाळांत तर वर्षभर पालक आणि संस्थाचालक फीवरून एकमेकांसमोर उभे होते. दोघांच्याही बाजूला काही ना काही खरं होतं, पण मुलाला वाचता येतं का, हा विषय त्या भांडणात ऐकल्याचं मला आठवत नाही.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. शाळा उघडल्यावर निदान दिवाळीपर्यंत इयत्तांच्या भिंती पाडायच्या. तिसरीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा दोघंही अक्षरांवर असतील तर एकत्र बसतील. चौथीतला जोडशब्द वाचत असेल तर गोष्टीच्या पुस्तकावर जाईल. पोर्शन पंचवीस टक्के कापून भागत नाही. मूल जिथे आहे तिथून पुढे नेणं हाच या सत्राचा पोर्शन. आणि ओट्या बंद करायच्या नाहीत. शाळा सुटल्यावर तासभर त्या चालू राहतील आणि मुलाला काय येतंय हे त्या बायका मला सांगतील. आत्तापर्यंत सांगायचं काम फक्त माझं होतं.

याला आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. माझे सहकारी गुरुजी म्हणाले, चौथीतल्या मुलाला दुसरीतल्यांबरोबर बसवलं तर तो घरी जाऊन रडेल. खरं आहे. म्हणून गट बदलते हवेत, भाषेला एक, गणिताला दुसरा. काजूवाला मुलगा तोंडी हिशोबाच्या गटात सगळ्यांचा म्होरक्या असेल. दुसरा आक्षेप वरून येईल: चाचणीचे गुण इयत्तेप्रमाणे भरायचे असतात, ऑनलाइन तक्त्यात 'मूल जिथे आहे तिथे' असा रकाना नाही. तिसरा माझाच आहे. आम्ही थकलो आहोत. याच सव्वा वर्षात आम्ही तपासणी नाक्यावर उभे राहिलो, रेशन दुकानासमोर रांगा लावल्या, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' म्हणत दारोदारी ताप मोजला. दोन शिक्षक, चार इयत्ता, आणि आता त्यात पाच-सहा गट. जमेल का? माहीत नाही. पण पहिल्या पानापासून सुरू करून पुढे जाणं सोपं आहे ते फक्त माझ्यासाठी, एवढं नक्की माहीत आहे.

रविवारी सहाणेवर समितीची सभा घेतली, अंतर ठेवून. या वेळी ठराव लिहून नेला नव्हता. मी वरचं सगळं सांगितलं. एका आजोबांनी विचारलं, "म्हणजे पोरं नापास?" मी म्हटलं, नाही, नापास कुणीच नाही. ते म्हणाले, "मग पास तरी कशी?" यावर मला उत्तर सुचेना. मधल्या वाडीतली ती आई इतका वेळ मागे बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "माझी पोरगी पयलीच्या पोरांत बसली तरी चालेल. पण तिला वाचता येत नाय, हे मला परत वर्षानं कळाय नको." मग वरच्या वाडीच्या सुनेनं विचारलं, मधल्या वाडीत ओटी कुणाची मोठी आहे. त्यावर पाऊण तास चर्चा झाली, पोर्शनवर पाच मिनिटंही नाही.

ठराव तिथेच लिहिला. 'इयत्तेप्रमाणे न बसवता' हे शब्द लिहिताना माझा हात जरा थांबला. विस्तार अधिकारी ही ओळ वाचतील तेव्हा काय म्हणतील, हे मला पाठ आहे. लिहिले. खाली अकरा सह्या आहेत, त्यातल्या सात बायकांच्या. त्या दिवशी वही घरोघर फिरवावी लागली नाही. ती आता ऑफिसच्या कपाटात वरच्या खणात आहे, आणि शाळेची एक जादा किल्ली करून मी वरच्या वाडीत देऊन आले आहे.